लिचेस: हात वर केल्यावर पंच येतो का?

ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटचे रिव्ह्यू ढिगाने आहेत. कुणाचा पट देखणा, कुणाकडे कोडी जास्त, कुणाचं ॲप स्वस्त मोबाइलवर अडकत नाही, वगैरे. त्यातलं मी काही सांगणार नाही. मी सांगलीत मुलांचा बुद्धिबळाचा क्लास घेते आणि सुट्टीत स्पर्धा लागल्या की पंच म्हणून उभी असते. त्यामुळे माझी परीक्षा एकच. स्पर्धेच्या हॉलमध्ये समोरचा पुटपुटत असेल, टेबल हलवत असेल, दर दोन चालींनी बाथरूमला पळत असेल, तर घड्याळ थांबवायचं आणि हात वर करायचा. पंच येतो, दोघांचं ऐकतो, निकाल देतो. प्रतिस्पर्ध्याला कुठल्याही प्रकारे त्रास देऊ नये, असा नियमच आहे. आमच्या गावात हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या नावाजलेल्या बुद्धिबळपटू इथल्याच. पटावर कसं बसायचं ते मोठ्यांकडे बघूनच कळतं.

पण आता हीच पोरं रात्री जेवणं झाली की गादीवर लोळत, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या माणसाशी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात. तिथे हात वर केला तर कोण येतं? पालक मला विचारतात, "मॅडम, कुठलं ॲप टाकू?" आणि मी उलट हेच विचारते.

माझ्या क्लासची मुलं लिचेसवर खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2010 मध्ये सुरू केलेली साइट. आज ती फ्रान्समधली एक ना-नफा संस्था चालवते. जाहिराती नाहीत, 'प्रीमियम' नाही, सगळं सगळ्यांना फुकट. देणगी दिली तर नावापुढे छोटे पंख लागतात, बाकी काही जास्तीचं मिळत नाही. खर्चाचा हिशेब उघड्यावर असतो आणि साइटचा सगळा कोडही. फुकट म्हटलं की आपल्याकडच्या पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, यात काहीतरी गोम असणार म्हणून. गोम एवढीच की तिथे कस्टमर केअर नाही. तक्रारी बघणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑनलाइन बुद्धिबळातला त्रास मुख्यतः तीन-चार प्रकारचा असतो. सगळ्यात साधा, आणि मुलांना सगळ्यात जास्त चिडवणारा, म्हणजे हरत आलेला माणूस चाल न करता बसून राहतो. वजीर गेलाय, पुढच्या तीन चालींत मात आहे, घड्याळात सहा मिनिटं शिल्लक, आणि पठ्ठ्या गप्प. आमच्या क्लासमध्ये याला 'घोंगडं टाकणं' म्हणतात. "मॅडम, काल दोघांनी घोंगडं टाकलं." सातवीतलं पोर सहा मिनिटं रिकाम्या पटाकडे बघत बसू शकत नाही. ते चॅटमध्ये काहीतरी लिहितं, समोरून त्याहून वाईट काहीतरी येतं, आणि भांडण पेटतं. अर्धी शिवीगाळ इथेच जन्मते, हे माझं निरीक्षण.

लिचेसचं मला पहिल्यांदा पटलं ते इथे. या प्रकारासाठी तक्रार करत बसावी लागतच नाही. डाव अर्धवट सोडणारा, घड्याळ संपवत बसणारा यंत्रणेच्या आपोआप लक्षात येतो, आणि त्याला नवा डाव सुरू करायच्या जागी एक सूचना दिसते: माफ करा, तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसवावं लागतंय. का, तेही खाली लिहिलेलं असतं. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, तेही: सुरू केलेला प्रत्येक डाव खेळा, जिंकायचा, निदान बरोबरी साधायचा प्रयत्न करा, हरलेला डाव सोडून द्या, घड्याळ संपू देऊ नका. शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि खेळल्याबद्दल आभार. इतक्या सभ्यपणे कान धरणारा शिक्षक मी शाळेत असताना मला भेटला नव्हता. पहिल्यांदा शिक्षा थोड्या वेळाची, मग खोड जाईना तर वाढत जाते. मला यातलं 'का' आणि 'मग काय करू' हे दोन्ही एकाच पानावर असणं फार आवडतं. ज्याचं वायफाय वरचेवर जातं त्यालाही हा हिसका बसू शकतो, यंत्राला घरातली लाइट गेलेली दिसत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, पावसाळ्यात संध्याकाळी रेटिंगचे, म्हणजे हार-जितीवर गुण बदलणारे, डाव खेळू नका, कोडी सोडवा.

दुसरा प्रकार चीटिंगचा, आणि यावर जरा थांबायला हवं.

खिशातल्या फोनमधलं एंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, आज जगज्जेत्यालाही हरवतं. म्हणजे शेजारी दुसरा फोन ठेवून चाली विचारणं हे शेंबड्या पोरालाही जमतं. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे उलटा आजारही पसरलाय: हरलो की समोरचा चीटर. माझ्याकडे नववीतला एक मुलगा आहे, खेळतो चांगला, पण पराभव पचत नाही. एकदा क्लासला आला तोच फोन पुढे करत. "मॅडम, बघा, चौऱ्याण्णव टक्के अचूकता! माणूस असं खेळूच शकत नाही." मी डाव उघडला. बाराव्या चालीला याने घोडा फुकट दिलेला. घोडा वर असताना माझी आईसुद्धा चौऱ्याण्णव टक्के खेळेल. अचूकता म्हणजे चाली एंजिनच्या मते किती बरोबर ते, सोप्या डावात ती वाढतेच, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

तरी डाव पुढे बघितला, कारण शंका घेऊन आलेल्याला परत पाठवायचं नाही ही पंचाची सवय. लिचेसच्या विश्लेषणात प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख दिसतो, उभ्या पट्ट्यांचा. माणसाच्या पट्ट्या वेड्यावाकड्या असतात. सुरुवातीच्या पाठ चालींना जवळपास काहीच नाही, मग कुठेतरी माणूस अडकतो, तिथे उंच खांब, मग शेवटी वेळ कमी उरल्यावर पुन्हा बुटक्या. या माणसाच्या पट्ट्या दहाव्या चालीपासून शेवटपर्यंत एका उंचीच्या. उंटाने उंट मारला, आता परत मारण्यावाचून दुसरी चालच नाही, तिथे सहा-सात सेकंद. आणि पुढे त्याने हत्ती दिला, ज्याचा फायदा पाच चालींनंतर दिसतो, तिथेही सहा-सात सेकंद. पहिल्या ठिकाणी कोण विचार करतं, आणि दुसऱ्या ठिकाणी कोण करत नाही?

मग आम्ही दोघांनी बसून तक्रार लिहिली. कुणाच्याही प्रोफाइलवर त्रिकोणात उद्गारचिन्ह अशी खूण असते, ती दाबली की फॉर्म उघडतो. कारण निवडायचं: चीटिंग, शिवीगाळ, रेटिंगची लबाडी, असं. आणि फॉर्मवरच बजावलेलं असतं की डावाची लिंक द्या, नुसतं 'हा चीटिंग करतो' लिहू नका, तुम्ही या निष्कर्षावर कसे आलात ते सांगा. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं! हॉलमध्ये पालक येऊन "तो पोरगा काहीतरी करतोय" म्हणतात, तेव्हा मीही हेच विचारते: काहीतरी म्हणजे काय, कुठल्या चालीला? मुलाने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की हा शंभर टक्के चीटर आहे, याला ताबडतोब काढून टाका. ते खोडलं. चालींचे आकडे लिहिले, कुठे किती सेकंद ते लिहिलं, शेवटी 'कृपया तपासून पाहावे'. चार ओळी.

काही दिवसांनी त्याला सूचना आली: तुम्ही नियम मोडणाऱ्या खेळाडूकडून गुण गमावले होते, ते परत दिले आहेत. त्या माणसाच्या प्रोफाइलवर आता कुणालाही दिसेल असं लिहिलंय की या खात्याने अटींचा भंग केला. आमचा पठ्ठ्या खूश, गुण परत मिळाले म्हणून. मी खूश, कारण त्यानंतर तो "चीटर" म्हणायच्या आधी पट्ट्या बघायला लागला. दोन वेळा स्वतःच बघून "नाही मॅडम, हा खरंच चांगला खेळला" म्हणाला. नववीतल्या मुलाच्या तोंडून हे ऐकायला मिळणं म्हणजे काय ते क्लास घेणाऱ्यांनाच कळेल.

निकाल एकट्या माणसाच्या डोळ्यांवर नसतो, हेही सांगायला हवं. आयर्विन आणि कलादिन अशा दोन प्रणाली डावांमधले नमुने तपासतात, आणि माणसं त्यावर बघतात. तक्रार करणाऱ्याच्या आधीच्या तक्रारी कितपत खऱ्या निघाल्या त्यावर त्याच्या नव्या तक्रारीचं वजनही कमी-जास्त धरलं जातं. कोड उघडा असल्यामुळे हे ऐकीव नाही, जाणकाराला वाचता येतं. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट कुणीतरी प्रोग्रॅममध्ये बसवली म्हणायची. क्लासमध्ये हे सांगितल्यावर उगीच तक्रारी ठोकणाऱ्यांचा उत्साह एका आठवड्यात ओसरला.

आणि ज्याच्यावर शिक्का बसला त्याला अपील करता येतं, त्याचं वेगळं पान आहे. पंच म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या निकालावर अपील होऊ शकतं हे माहीत असतं, म्हणून मी दोनदा विचार करते.

जाहीर आरोपाला मात्र तिथे थारा नाही. कुणाचं नाव घेऊन चौकात 'हा चीटर' म्हणायचं नाही, जे काय आहे ते फॉर्मवर लिहायचं. हे मुलांना सुरुवातीला अन्याय वाटतं. मग मी त्यांना 2022 ची गोष्ट सांगते. अमेरिकेत सेंट लुईसच्या सिंकफील्ड कपमध्ये तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन तरुण अमेरिकन खेळाडू हान्स नीमनकडून हरला आणि स्पर्धा सोडून निघून गेला, थेट काही न बोलता, सूचक ट्वीट टाकून. मग सगळं जग न्यायाधीश झालं. दुसऱ्या एका मोठ्या साइटने, चेस डॉट कॉमने, 72 पानी अहवाल काढला की नीमनने शंभरावर ऑनलाइन डावांत बहुधा चीटिंग केलं असावं. नीमनने लहान असताना काही ऑनलाइन डावांत केल्याचं कबूल केलं होतं, पण समोरासमोरच्या त्या डावात काही गैर केल्याचा पुरावा कुणी दिला नाही. नीमनने दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला, 2023 च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली. एका अर्धवट सूचक वाक्यामुळे एवढं रामायण. आमच्या चार ओळींचा फॉर्म त्यापेक्षा कितीतरी सरळ.

मुलांना दुसरी गोष्ट जास्त आवडते, ती 2021 ची. कोव्हिडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळला, त्यात झिरोधाचा निखिल कामत चक्क जिंकला. दुसऱ्या दिवशी कबुली दिली की जाणकारांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. खातं बंद झालं, आणि मग पुन्हा सुरूही झालं. यावर सहावीतल्या एकीचा प्रश्न होता, "मॅडम, माझं बंद झालं तर माझंही परत सुरू करतील का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

आता बोलण्याचालण्याकडे वळू. ज्या कारणाने पालक खरे घाबरतात ते हेच.

लिचेसवर डावाच्या शेजारी चॅटचा चौकोन असतो, आणि तिथे लिहायच्या जागी फिकट अक्षरांत आधीच लिहिलेलं असतं: कृपया चॅटमध्ये चांगलं वागा. डाव सुरू होताना नमस्कार, शुभेच्छा, आणि संपताना 'छान झाला', 'धन्यवाद' असे तयार शब्द एका दाबात पाठवता येतात. बहुतेक मुलांचं संभाषण तेवढ्यावरच संपतं. चॅट नको असेल तर तिथल्या तिथे बंद करता येतं. अनोळखी माणसाने खासगी निरोप पाठवू नये, आव्हान देऊ नये, चाल मागे घेण्याची विनंती सारखी करू नये, हे सगळं सेटिंगमध्ये ठरवता येतं. 'झेन' नावाचा प्रकार आहे, तो लावला की समोरच्याचं नाव आणि रेटिंगही दिसत नाही, उरतो फक्त पट. मी स्वतः तसंच खेळते.

शिवीगाळीची तक्रार झाली आणि खरी ठरली की समोरच्याचं तोंड बंद होतं, पण गंमत अशी की त्याला ते कळेलच असं नाही. तो लिहीत राहतो, ते बाकी कुणाला दिसत नाही. यावर माझं मन अजून दोन्हीकडे आहे. पंच म्हणून मला निकाल तोंडावर सांगायची सवय, असं गुपचूप कानामागे टाकणं पटत नाही. पण शिवराळ माणसाला 'तुझं तोंड बंद केलंय' असं सांगितलं की तो दहा मिनिटांत दुसरं खातं काढून येतो, हेही खरं. बारा वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघितलं तर मी गुपचूप पद्धतीला मत देईन, नाइलाजाने.

चीटिंगचा शिक्का बसलेल्या माणसालाही हाकलून देतातच असं नाही. तो खेळत राहू शकतो, पण यंत्रणा त्याला शक्यतो त्याच्यासारख्याच दुसऱ्याशी जोडते. दोन एंजिनं एकमेकांशी खेळत बसलेली आहेत आणि दोन्ही मालकांना वाटतंय आपण हुशार, ही कल्पना मला फार सुखावते.

मुलींबद्दल वेगळं लिहायला लागतं, याचाच राग येतो. नागपूरची दिव्या देशमुख, जी पुढे 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तिने 2024 च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या विक-आन-झीच्या स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिलं होतं की लोक तिचा खेळ सोडून कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच बोलत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. एवढ्या वरच्या पातळीवर ही गत, तर तीन मिनिटांच्या निनावी डावात काय होत असेल? मी क्लासमधल्या मुलींना खात्याचं नाव असं घ्यायला सांगते की मुलगा की मुलगी ते कळू नये. घोड्याची, झाडांची, नद्यांची नावं घेतात त्या. हा सल्ला देताना दरवेळी तोंड कडू होतं, पण देते.

याच बाबतीत एक अनुभव, लिचेसवरचा नाही. दुसऱ्या एका गेमिंग ॲपवर (नाव घेत नाही) आमच्या ओळखीतल्या सहावीतल्या मुलीला एका अनोळखी 'काकां'चे निरोप येऊ लागले. आधी खेळाचं कौतुक, मग शाळा कुठली, मग फोटो पाठव. आईने तिथल्या तिथे तक्रार केली. थोड्या वेळात ठोकळेबाज उत्तर आलं की आमच्या धोरणाचा भंग आढळला नाही. कुठला निरोप तपासला, कुणी तपासला, पुढे कुणाकडे जायचं, काही नाही. 'तक्रार करा' हे बटण ठळक लाल रंगात होतं बरं का. तेव्हा मी त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते: आधी ब्लॉक करू नका, आधी सगळ्या निरोपांचे स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. 1930 हा नंबर सगळे सांगतात, पण तो पैशांच्या फसवणुकीसाठी. आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

लिचेसवर लहान मुलांसाठी मी जे वापरते ते अशी वेळ यायच्या कितीतरी आधीच वाट अडवतं. शिक्षकाला तिथे स्वतःचा वर्ग उघडता येतो आणि मुलांची खाती स्वतः काढता येतात, ईमेलशिवाय. एका ओळीत एक असं नाव लिहीत गेलं की एकदम सगळ्यांची खाती तयार. खरं नाव फक्त शिक्षकाला दिसतं. या खात्यांवर 'किड मोड' चालू असतो: चॅट नाही, खासगी निरोप नाहीत, बाहेरच्या कुणाशी बोलण्याची सोयच नाही. साइटच्या नावाशेजारी हसरा चेहरा दिसतो, म्हणजे आई स्वयंपाकघरातून डोकावली तरी तिला कळतं. मूल स्वतःहून तो बंद करू शकत नाही, शिक्षकाकडेच यावं लागतं. बोलायची वाटच बंद केली की तक्रारीची वेळ येत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलासाठी मला एवढंच हवं असतं. पासवर्ड एकदाच दिसतो, तेवढा मात्र जपून लिहून घ्या. मी चिठ्ठ्या करून दप्तरात टाकायला देते, निम्म्या हरवतात, मग नवा पासवर्ड काढून द्यावा लागतो. तीही सोय शिक्षकाकडे आहे.

आता उणं काय, ते.

तक्रारीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की इंग्रजीत लिहिलंत तर लवकर निकाल लागेल. साइटची भाषा मराठी ठेवता येते, स्वयंसेवकांनी भाषांतर केलंय, त्यांचे आभार. पण शिवी मराठीतली, तीही इंग्रजी अक्षरांत वेड्यावाकड्या स्पेलिंगने लिहिलेली, आणि ती वाचणार युरोपातला कुणी भला माणूस. त्याला ते कुठल्यातरी गावाचं नाव वाटलं तर त्याची चूक नाही. म्हणून मी मुलांना सांगते, शिवीचा अर्थ लावत बसू नका, 'मराठीतली आईवरून दिलेली शिवी' एवढं इंग्रजीत लिहा, बास. आठवीतल्या ज्या मुलाला इंग्रजीचं वाक्य जुळवता येत नाही त्याची तक्रार मात्र पोटातच राहते. आपल्याकडून इतकी मुलं खेळतात, तर मराठी, हिंदी, तमिळ वाचणारे लोक तक्रारी बघायला हवेत. देणगी देणाऱ्यांनी हे त्यांना कळवावं, मी कळवते.

दुसरं, तक्रार केल्यावर आभाराचं पान येतं, हवं तर या खेळाडूला ब्लॉक करा असंही सुचवतात, पण काय तपासलं, काय ठरलं याचा खुलासा होत नाही. गुण परत आले तर कळतं, नाहीतर अंदाज करत बसायचं. समोरच्याचीही काही खासगी बाजू असते, सगळं उघड करता येत नाही, हे मान्य. तरी 'तपासलं, गैर आढळलं नाही, कारण असं' एवढी एक ओळ आली तर मुलं शिकतील. मी हॉलमध्ये निकाल देते तेव्हा कारण देते. पोरगं रडलं तरी देते.

तिसरं, घाईच्या वेळी फोन करायला कुणी नाही. फुकटच्या साइटकडून ती अपेक्षाही नाही. पण मुलाला कुणी धमकावत असेल तर साइटच्या भरवशावर बसू नये, वर लिहिलेला सरकारी रस्ता धरावा.

पाचापैकी चार तारे. अर्धा भाषेसाठी कापला, अर्धा खुलाशासाठी.

कुणी वापरू नये? ज्यांना समोरच्याशी गप्पा मारत, चिडवाचिडवी करत खेळायचंय त्यांना लिचेस अळणी वाटेल. आमच्या क्लासच्या गॅलरीत संध्याकाळी जी चिडवाचिडवी चालते ती तिथे मिळायची नाही, मिळूही नये. आणि ज्या पालकांना मुलाने कुणाशी कधी किती वेळ डाव खेळला यावर पोलिसी नजर ठेवायची आहे त्यांनी माझ्याकडे येऊ नये. मी वर्गाच्या पानावर प्रगती बघते, पाळत ठेवत नाही.

मोठ्या मुलांसाठी एक शेवटची सूचना. दहावीच्या आसपास ती मागे लागतात, मॅडम आम्हाला किड मोडमधून सोडा. शिक्षकाला खातं मुलाच्या हवाली करता येतं, त्यासाठी ईमेल लागतो. तो मुलाचा स्वतःचाच असू द्या, बाबांच्या ऑफिसचा नको. बाबांची नोकरी बदलते आणि मग पासवर्ड विसरल्यावर रात्री अकराला मला फोन येतो. खातं सोडायच्या आधी मी त्यांच्याकडून एक नमुना तक्रार लिहून घेते, माझ्याच एखाद्या जुन्या डावावर, जिथे समोरच्याने काहीच गैर केलेलं नाही. जो मुलगा पट्ट्या बघून "यात तक्रार करण्यासारखं काही नाही" असं सांगतो, त्याचं खातं त्याच संध्याकाळी मोकळं.